विहिणीचा पाव

उदयदादांनी पावाचा दुसरा तुकडा चहात बुडवला आणि सुलक्षणाबाई निश्चिंत झाल्या. वेम्बलीहून दादा आले की पहिला अर्धा तास नावं ठेवण्यात जायचा. ट्रेनला ठेवून झाली होती, ट्रामला झाली होती, आता पाळी घरातल्या खाण्याची होती. पण कड्यासारखा गोल, तळहाताएवढा तो पाव समोर आला आणि दादांची गाडी तिथेच थांबली.

"बडीशेप घातलीय यात," ते म्हणाले. "कुठल्या बेकरीतला आहे, सुलक्षणा?"

"विहीणबाईंच्या भट्टीतला आहे. मघाशी त्यांनीच नाही का तुमच्या हातात दिला?"

विहीणबाई, म्हणजे लुस्मिला, खिडकीजवळच्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या. काळी हॅट मांडीवर, विणलेली टोपली पायाशी. स्लाऊहून दोन ट्रेन बदलून आल्या होत्या, तरी दारातून आत येताच कोटही न काढता आधी दादांपुढे गेल्या होत्या. टोपलीतला पाव दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरून फक्त "फिएस्तासाठी", म्हणजे उत्सवासाठी, एवढंच म्हणाल्या होत्या. दादांनीही प्रसाद घ्यावा तसा तो दोन्ही हातांनी घेतला होता. सुलक्षणाबाईंच्या मुलाच्या, मिहीरच्या लग्नात मान कुणाचा आधी यावरून दोघांत जे वाजलं होतं ते अजून पुरतं विझलं नव्हतं. तरी समोर आलेल्या अन्नाला नाही म्हणायचं नाही ही टिपणिसांच्या घरची शिस्त, आणि दादा शिस्तीचे.

घरात आज लग्नघराची गडबड होती. संध्याकाळी साडेसहाला टाउन हॉलमध्ये कौन्सिलची सभा होती आणि विषयपत्रिकेवर तो ठराव होता ज्याच्यासाठी सुनेनं, येसेनियानं, दहा वर्षं घालवली होती. दर वर्षी एक महिना बरोनं, म्हणजे लंडनच्या या पालिकाविभागानं, अधिकृतपणे लॅटिन अमेरिकन हेरिटेज मंथ म्हणून पाळायचा, टाउन हॉलवर झेंडा चढवायचा, पार्कमधली मिरवणूक कौन्सिलच्या कॅलेंडरात घालायची. पेरूचे, कोलंबियाचे, बोलिव्हियाचे, इक्वाडोरचे लोक एरवी एकमेकांच्या नाचालाही नाकं मुरडत. या एका कागदावर मात्र सगळ्यांनी सह्या केल्या होत्या. सुलक्षणाबाईंनी मसालेभात टाकला होता, अळूवड्या तळल्या होत्या. ठरावाच्या निमित्तानं मोठे दीर आणि जाऊ पहिल्यांदाच विहीणबाईंसोबत एका टेबलावर जेवणार होते.

"आजी!" सोफ्यावरून अन्वी ओरडली. चौदा वर्षांच्या नातीच्या हातात फोन होता. "तू अजेंडावर आहेस! लीड स्पीकर, डॉक्टर सुलक्षणा टिपणीस! माझा आजी फेमस झाला!"

"माझी आजी. झाली," मिहीर सवयीनं म्हणाला, आणि मग मान वळवून, "काय?"

"स्पीकर?" सुलक्षणाबाईंच्या हातातला झारा तसाच राहिला. "मी बघायला जाणारे. वर गॅलरीत."

"पण कौन्सिलमधून तुम्हाला फोन आला होता ना, आई?" येसेनिया स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिचं मराठी चांगलं होतं. फक्त घाबरली की र जरा जास्त घोळायचा. "त्यांनी कन्फर्म केलं ना?"

फोन आला होता. बुधवारी येताय ना, असं एका मुलीनं विचारलं होतं आणि सुलक्षणाबाई म्हणाल्या होत्या, हो हो, नक्की. ठरावासाठीच्या समितीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर त्यांना दिवाळीपासूनच घेतलं होतं. तिथे स्पॅनिशमध्ये लांबलचक मेसेज येत. त्या प्रत्येकाला त्या न वाचता हात जोडल्याचं चित्र पाठवत. आपल्याकडे सगळे पाठवतात तसंच.

"अगं, पण माझं नाव घातलं कुणी?"

"समितीनं. मा म्हणाली, दिवाळीनंतर डॉक्टोरांनी, म्हणजे तुम्ही, पाव घेतला."

"पाव घेतला म्हणजे?" दादांनी विचारलं.

येसेनियानं आईकडे पाहिलं. लुस्मिलाबाई त्यांच्या सावकाश इंग्रजीत सांगू लागल्या. त्यांच्या पेरूत, कुस्कोकडे, उत्सव कुणा एकाच्या अंगावर नसतो. ज्याच्याकडे त्या वर्षीचा भार असतो तो घरोघरी पाव घेऊन जातो. त्याला हुर्का म्हणतात. तोंडानं फार काही मागायचं नाही, मागितलं तर ती भीक होते. पाव पुढे करायचा. ज्यानं घेतला त्यानं भाराचा एक वाटा उचलला. कुणी बँड आणतं, कुणी मेणबत्त्या, कुणी स्वयंपाक. ज्याला जमणार नाही तो हात मागे घेतो, आणि त्यात कुणाला राग नाही.

"डॉक्टोरांनी घेतला," लुस्मिलाबाई म्हणाल्या. "आणि माझी टोपली भरून परत दिली. पिवळे गोड गोळे. माझ्या सगळ्या आयुष्यात हुर्काची टोपली कुणी भरून दिलेली मी पाहिली नाही. मी घरी जाऊन रडले. मला वाटलं, ही बाई माझा अख्खा भार उचलतेय."

सुलक्षणाबाईंना आता आठवलं. बेसनाचे लाडू! दिवाळीनंतर डबाभर उरले होते. दारी आलेलं भांडं रिकामं कसं धाडायचं, म्हणून टोपलीत घातले होते. त्यामागे दुसरा काही विचार नव्हता. आईनं असंच केलं असतं, आजीनंही.

हे सगळं डोक्यात उतरत असताना त्यांची नजर सहज दादांच्या बशीकडे गेली. बशीत अर्धा पाव होता. उरलेला अर्धा दादांच्या पोटात. नजर वर केली तर मंजिरीवहिनी त्यांच्याकडेच बघत होत्या. वहिनींच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. त्यांनी टेबलावरचा पेपर नॅपकिन उचलला आणि नवऱ्याच्या बशीवर अलगद पसरला.

दादांना पत्ता नव्हता. ते आता रंगात आले होते.

"हे बघ सुलक्षणा, सरळ आहे. गैरसमज झाला. त्यांना सांग, दुसरा माणूस बघा."

"नाही बघता येत, काका," येसेनिया म्हणाली. "नावं द्यायची तारीख गेली. लीड स्पीकर बरोमध्ये राहणाराच लागतो. मा स्लाऊला गेली, ती नाही चालत. मी कौन्सिलच्या पार्क्समध्ये नोकरी करते, मी नाही चालत. लीड आला नाही तर आयटम पडतो. मे महिन्यात इलेक्शन आहे. नंतर सगळे नवीन लोक. परत पहिल्यापासून."

"मग पडू दे की! आमचा नाही पडला?" दादांनी कप ठेवला. "पाडव्याला टाउन हॉलवर गुढी उभारू द्या म्हणून आपल्या मराठी मंडळानं यांच्यासारख्या किती कौन्सिलांना विचारलं. उत्तर काय? धोरणात बसत नाही. मी मंडळाचा अध्यक्ष होतो. आणि आता टिपणिसांच्या घरची बाई उभी राहून दुसऱ्यांच्या झेंड्यासाठी बोलणार? सभा लाइव्ह दिसते. सगळं मंडळ बघेल. माधव असता तर त्यालाही हे रुचलं नसतं."

माधवराव म्हणजे सुलक्षणाबाईंचे यजमान. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती. ते काय म्हणाले असते हे सांगण्याचा मक्ता हल्ली दादांनी घेतला होता.

"उदयकाकांचं एक बरोबर आहे," मिहीर म्हणाला. तो बायकोकडे बघत नव्हता. "आईला न विचारता तिचं नाव द्यायचं, हे योग्य नाही. तिचं बीपी…"

"न विचारता?" येसेनियाचा आवाज चढला. "मिहीर, पाव देणं म्हणजेच विचारणं! तू सात वर्षं माझ्या गावाला येतोस. तुला माहीत होतं!"

"मला कसं कळणार आईनं पाव का घेतला?"

"तिकडे तुला पावाबरोबर बाटली पण मिळाली होती. ती कळली तुला."

अन्वी खुदकन हसली आणि बापानं बघितल्यावर फोनमागे लपली.

"मी एक बोलू का?" मंजिरीवहिनी म्हणाल्या. त्या क्वचितच असं विचारत, आणि विचारलं की दादा सावध होत. "किती कौन्सिलांना विचारलंत म्हणालात?"

"म्हणजे… विचारलंच ना."

"एकीला. एकदा. एक पत्र. टाइप मीच केलं होतं. नाही म्हणाले, तुम्ही चिडलात, आणि आपण हॉल भाड्यानं घेऊन आत दार लावून गुढी उभारली. या बायका दहा वर्षं दारं ठोठावतायत. दोन्ही एक नाही हो."

"तू कुणाच्या बाजूनं आहेस?"

"आज? पावाच्या," वहिनी म्हणाल्या आणि नॅपकिनची कड नीट केली.

लुस्मिलाबाईंना मराठीतलं काही कळलं नव्हतं, पण भांडण कुठल्याही भाषेतलं कळतं. त्या उठल्या. हॅट डोक्यावर ठेवली.

"डॉक्टोरा," त्या म्हणाल्या, "तुम्हाला माहीत नव्हतं. न समजता घेतलेला पाव बांधत नाही. चूक माझी. तुम्ही मोकळ्या आहात." वाकून त्यांनी टोपली उचलली. "मी टाउन हॉलमध्ये जाते. माणसं गोळा होतायत. त्यांना मलाच सांगितलं पाहिजे."

टोपलीतले उरलेले पाव कपड्याखाली हलले. सुलक्षणाबाईंना एकदम दिसलं ते एवढंच: विहीण घरातून निघाली आहे आणि आपण तिला जशी आली तशीच परत पाठवतो आहोत. उलट, आली होती त्याहून काहीतरी काढून घेऊन.

"बसा," त्या म्हणाल्या.

"आई, तू उगाच…" मिहीर पुढे झाला.

"तूही बस. लुस्मिलाताई, आमच्याकडे आलेलं भांडं रिकामं परत जात नाही. मला तुमची रीत माहीत नव्हती, पण माझी तर माहीत होती ना? टोपली मी भरून दिली. आता लाडू परत मागू का?" त्यांनी झारा खाली ठेवला, पदर खोचला. "येसी, किती मिनिटं बोलायचं असतं?"

"पाच. आई, तुम्ही खरंच?"

"आयुष्यभर लोकांना भूल देऊन झोपवायचं काम केलंय. या वेळी जागं ठेवायचंय. पाव किती आहेत टोपलीत?"

"वीसेक असतील."

"कापा. अन्वी, सुरी आण. सभेच्या आधी नगरसेवक लॉबीत उभे असतात ना?"

येसेनियानं कपाळाला हात लावला. "आई! गिफ्ट नाही देता येत कौन्सिलर्सना!"

"पावाच्या तुकड्याला गिफ्ट कोण म्हणेल? तू लांब उभी राहा. तू मला ओळखतच नाहीस."

सगळे ट्रामनं टाउन हॉलला पोचले तेव्हा पायऱ्यांवर जत्रा होती. बोलिव्हियाच्या बायका घेरदार झग्यांवर पफर जॅकेटं घालून उभ्या होत्या, कोलंबियाच्या पोरांनी ढोल आणले होते आणि सिक्युरिटीवाला त्यांना परत परत सांगत होता की आत ढोल नाही. "तो डॉक्टोरा! तो डॉक्टोरा!" अन्वी आजीकडे बोट दाखवत सगळ्यांना सांगत सुटली आणि तेवढ्यात तीन भाषांत टाळ्या पडल्या. पहिल्यांदा एकटीनं भूल दिली होती त्या दिवसानंतर सुलक्षणाबाईंना इतकी भीती वाटली नव्हती. पण भीतीबरोबर आणखी काहीतरी होतं. शाळेत गॅदरिंगच्या दिवशी पडद्यामागे व्हायचं तसलं.

दादा मागून येत होते. येणार नाही म्हणाले होते. मग, एकट्या बायका कशा जातील म्हणून आले.

लॉबीत लुस्मिलाबाईंनी टोपली धरली आणि सुलक्षणाबाईंनी तबक. नगरसेवक दिवसभराच्या कामावरून थेट आलेले, भुकेलेले. कुणी नाही म्हटलं नाही. सोनेरी चष्म्याचे एक उंच गृहस्थ तर परत आले आणि दुसरा तुकडा घेऊन गेले. बडीशेप का, असं त्यांनीही विचारलं. तेच विरोधी पक्षाचे, तेच ठरावाविरुद्ध बोलणार आहेत, असं येसेनियानं लांबून, ओळख न दाखवता, ओठांनी सांगितलं.

मेयरनं नाव पुकारलं. सुलक्षणाबाई माइकसमोर गेल्या. कागद नव्हता.

"मी पेरूची नाही," त्यांनी इंग्रजीत सुरुवात केली. "मी पुण्याची. या बरोच्या हॉस्पिटलमध्ये मी भूलतज्ज्ञ होते, त्यामुळे इथल्या काही जणांनी माझ्यासमोर डोळे मिटलेले असतील. आज दुपारपर्यंत मी इथे बोलणार आहे हे मला ठाऊक नव्हतं."

गॅलरीत कुणीतरी हसलं. मग त्यांनी पावाची गोष्ट सांगितली. लाडवांचीही सांगितली. फोनची, हात जोडलेल्या चित्रांची, सगळी. सभागृह आधी हसत होतं, मग ऐकू लागलं.

"या माणसांनी इतकी वर्षं या बरोत उत्सव केला तो कार पार्कमध्ये, गोदामात, परवानगीच्या कागदाची वाट बघत. माझ्या विहिणीनं मला काही मागितलं नाही, पाव पुढे केला. आज त्या तुमच्याकडे आल्यात, तुमच्यापुढेही त्यांनी मागण्याआधी पाव धरला." त्यांनी बाकांवरून नजर फिरवली. "लॉबीत ज्यांनी पाव खाल्ला त्यांना एक सांगायचं राहिलं. तो हुर्काचा पाव होता."

पहिल्यांदा मेयरच हसत सुटली. हशा बाकांवरून गॅलरीत चढला आणि परत खाली आला. सोनेरी चष्म्याच्या गृहस्थांनी कोटावरचे कण झटकले, त्यामुळे आणखी हसू आलं.

ते उठले. "डॉक्टर, मला फसवलं गेलंय," ते म्हणाले, पण तेही हसत होते. "एक प्रश्न मात्र खरा आहे. एकाला दिलं की उद्या सगळे मागतील. मग काय करायचं?"

नेमकं हेच. दादाही हेच म्हणायचे, फक्त उलट्या टोकाकडून: आम्हाला नाही, मग यांना का. सुलक्षणाबाईंनी गॅलरीकडे पाहिलं. दादा कठड्याला दोन्ही हात धरून पुढे वाकून बसले होते.

"मागतील," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी मी स्वतः मागेन. आमच्या नव्या वर्षाला आम्ही दाराशी एक उंच काठी उभारतो, तिला रेशमी वस्त्र आणि वर तांब्या. माझ्या थोरल्या दिरांना ती एकदा टाउन हॉलवर बघायची आहे. एकदा नाही म्हटल्यावर त्यांनी परत विचारलं नाही. ती आमची चूक. यांनी परत परत विचारलं. लोक तुमच्याकडे मागायला येतात याचा अर्थ हा टाउन हॉल त्यांना आपला वाटतो. कुणी मागायलाच आलं नाही, तर काळजी करा."

मतदान हात वर करून झालं. हात वर गेले, आणखी गेले. सोनेरी चष्म्याचा हात कोपरापर्यंत गेला, थांबला, आणि मग पूर्ण वर गेला. मोजणाऱ्या बाईंनी आकडा सांगितला तो कुणाला ऐकूच आला नाही. पायऱ्यांवरच्या ढोलांना कुणी कळवलं देव जाणे, भिंतीपलीकडून ते सुरू झाले होते. येसेनिया ओळख न दाखवायचं विसरली. तिनं धावत येऊन सासूला मिठी मारली, मग आईला, मग मिहीरला, आणि मिहीर तिच्या कानात जे बोलला ते माफीसारखं दिसत होतं. लुस्मिलाबाई मात्र हॅट छातीशी धरून जागीच उभ्या होत्या. सुलक्षणाबाई त्यांच्याजवळ गेल्या. विहिणींना एकमेकींचा हात इतका वेळ धरायची सवय नसते, तरी त्यांनी तो धरला.

बाहेर पायऱ्यांवर नाच सुरू झाला होता. दादा खांबाशी उभे होते.

"बोललीस चांगली," ते म्हणाले. मग घसा साफ केला. "माझं नाव घ्यायची गरज नव्हती."

"नाव नाही घेतलं. थोरले दीर म्हटलं."

"तुला थोरला दीर मी एकटाच. मंडळात सगळ्यांना कळलं असेल." ते ढोलांकडे बघत होते. पाय मात्र, त्यांच्या नकळत, ताल धरत होता. "यांच्या मिरवणुकीत… म्हणजे मी येणार नाही. पण असं नुसतं विचारतो. पाव घेतला की माणसाला नक्की काय काय करावं लागतं?"

मंजिरीवहिनींनी पर्स उघडली. नॅपकिनची पुरचुंडी काढून नवऱ्याच्या तळहातावर ठेवली.

"हे काय?"

"तुमचा उरलेला. अर्धा दुपारी चहाबरोबर खाल्लात, विहीणबाईंच्या हातून घेऊन. दोन्ही हातांनी."

दादांनी पुरचुंडीकडे पाहिलं. मग वहिनींकडे, सुलक्षणाबाईंकडे, आणि शेवटी लुस्मिलाबाईंकडे. त्या चार पायऱ्या खाली नाचणाऱ्यांच्या कडेला उभ्या होत्या. त्यांनी नेमकं वर पाहिलं. त्यांचे दोन्ही हात रिकामे होते. ते त्यांनी हलकेच मागे घेऊन दाखवले. जमणार नसेल तर हात मागे घ्या, राग नाही.

"न समजता घेतलेला बांधत नाही, उदयआजोबा," अन्वी म्हणाली. "आजीनी सांगितला होता."

"सांगितलं होतं," दादांनी सुधारलं. त्यांनी नॅपकिन उलगडला. पाव आता कडक झाला होता. "आणि समजून घेतलेला?"

"तो बांधतो."

"काठी मात्र मीच धरणार," उदयदादा म्हणाले. "गुढीची पण, आणि यांच्या त्या झेंड्याचीही, लागली तर." आणि त्यांनी तो अख्खा अर्धा पाव तोंडात घातला.